नावावर जाऊ नका: आंबेगाव, नाणेघाट आणि आत्याचा वाघ

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रांनो, आजचा विषय गमतीचा आहे, पण मला तो चांगलाच महागात पडला असता.

नाव अर्थाला शोभत असेल तर त्याला आपण अन्वर्थक म्हणतो. नसेल तर ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात दोन्ही प्रकार भरपूर आहेत.

आंबेगाव तालुकाच घ्या. त्याचं मुख्यालय घोडेगावला, म्हणजे घोड नदीच्या काठी. हे नाव शोभतं. पण ज्या आंबेगाववरून तालुका ओळखला जातो ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव पाण्यात, नाव कागदावर! शिवाय पुण्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आहे, ते वेगळंच. म्हणून जुन्या नोंदीत ‘आंबेगाव’ दिसलं की आधी विचारा: गाव, तालुका की भलतंच?

आता खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ‘जायंट’ शोभतं, कारण ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. पण आपण तिला दुर्बीण म्हणतो, म्हणजे दूरचं पाहणारी, आणि तिला डोळा मात्र कोणीच लावत नाही. ‘मीटरवेव्ह’चं काय? हिशेब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १५० मेगाहर्ट्झला २ मीटर, बरोबर. पण हीच दुर्बीण १४२० मेगाहर्ट्झवरही ऐकते. तिथे तरंगलांबी फक्त २१ सेंटिमीटर! नाव मुख्य काम सांगतं, मर्यादा सांगत नाही.

जास्त धोका शोभणाऱ्या नावांचा असतो. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं सांगतात. नाव इतकं चपखल की पुरावा मागायचं सुचतच नाही. तिथल्या लेण्यातल्या सातवाहनकालीन शिलालेखात कार्षापण नाण्यांचे आकडे खरंच आहेत, पण ते यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे. जुना व्यापारी मार्ग म्हटल्यावर जकात असू शकते. पण निव्वळ ‘नाणे’ हा शब्द तिचा पुरावा होत नाही.

आता माझी फजिती. बिबट्यांवरच्या सर्वेक्षणाचा मसुदा तयार केला आणि छापण्याआधी आत्याकडून भरून घेतला. ‘वर्षभरात कोणता प्राणी दिसला?’ पर्याय होते वाघ, बिबट्या, तरस. आत्याने ‘वाघ’वर खूण केली.

“आत्या, वाघ? कुठं?”

“अरं, उसात. परवा कुत्रं नेलं की.”

“तो बिबट्या!”

“मग मी काय म्हनलं?”

चूक आत्याची नव्हती, फॉर्मची होती. आमच्याकडे ‘वाघ’ म्हटलं की बिबट्याही त्यात आलाच. पट्ट्यांचा वेगळा सांगायचा असेल तर ‘पट्टेरी वाघ’ म्हणतात. मी पुस्तकातला अर्थ धरून बसलो होतो. तो फॉर्म गावोगाव गेला असता तर जुन्नरच्या उसात कागदोपत्री वाघ फिरले असते आणि बिबट्यांच्या नोंदी तेवढ्याच कमी झाल्या असत्या. नंतर कोणतंही सांख्यिकी सॉफ्टवेअर ही चूक दुरुस्त करू शकलं नसतं. आता मी नाव न घेता चित्रं दाखवतो आणि विचारतो, अंगावर ठिपके होते की पट्टे?

संशोधन पद्धतीच्या पेपरला आपण ‘कार्यात्मक व्याख्या’ पाठ करतो. ती हीच: शब्दाचा अर्थ काय यापेक्षा, आपण प्रत्यक्षात काय मोजणार, कसं ओळखणार, हे आधी लिहून ठेवणं. तुमच्या शीर्षकातला मुख्य शब्द आज घरातल्या एखाद्या माणसाला विचारून बघा. त्याचं उत्तर आणि तुमची व्याख्या जुळली नाही, तर सिनॉप्सिस देण्याआधी प्रश्नावली पुन्हा लिहा.