आबालालांचा कोटितीर्थ

निसर्गचित्रकाराला श्रद्धा लागते का? कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन 1931) यांच्याकडे पाहिले तर उत्तर ‘हो’ असे येते. मात्र ही श्रद्धा चित्राच्या विषयात सापडत नाही, ती पाहण्याच्या शिस्तीत असते. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यात ते वाढले. तिथे अक्षर घाईने उरकायचे नसते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात रमले. तलाव, घाट, झाडी आणि पाण्यावरचा बदलता प्रकाश त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला.

कोणी म्हणेल, हे निसर्गचित्रण तर जे. जे.मधल्या पाश्चात्त्य शिक्षणाचे फळ. तंत्रापुरते ते खरे आहे; पण तेच शिक्षण घेतलेले अनेक जण व्यक्तिचित्रांच्या मागणीकडे वळले. एकाच परिसराकडे वर्षानुवर्षे पाहत राहण्याची चिकाटी कोणताही अभ्यासक्रम देत नाही. मुसलमान चित्रकाराने हिंदू तीर्थ रंगवावे, यात विसंगती शोधणेही व्यर्थ आहे. त्यांच्या चित्रांत प्रकाशाला धर्म नाही. कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाचा पाया या एकाग्रतेने घातला, तो दरबारी आश्रयापेक्षा टिकाऊ ठरला.