दप्तरातले पिस्तूल

वर्गात मोबाइल वाजला तर मास्तर खवळतात. पण एखाद्या विद्यार्थ्याच्या कमरेला, सदऱ्याखाली, भरलेले पिस्तूल असेल तर? ते आहे की नाही हे मास्तरांना दिसत नाही आणि दिसू नये असाच नियम आहे. ही हिंदी सिनेमाची कथा नव्हे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या सरकारी विद्यापीठांत १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल लपवून वर्गात नेता येते.

तारीख नीट वाचा. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यावर चार्ल्स व्हिटमन नावाचा विद्यार्थी बंदुका घेऊन चढला. काही तास आधीच त्याने आई आणि बायकोचा जीव घेतला होता. अठ्ठाविसाव्या मजल्यावरून त्याने दीड तास गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक माणसे गेली, तिसांहून अधिक जखमी झाली. ऑस्टिनकर घरातल्या शिकारीच्या बंदुका घेऊन धावले आणि खालून मनोऱ्यावर गोळीबार करू लागले. त्यामुळे व्हिटमनला कठड्याआड दबून राहावे लागले, हे खरे. आणि वर पोचलेल्या पोलिसांना या खालच्या गोळ्यांपासूनही जीव वाचवावा लागला, हेही तितकेच खरे. कायद्याच्या बाजूचे पहिले वाक्य सांगतात, विरोधक दुसरे. २०१६ च्या त्या दिवशी मनोऱ्याचे घड्याळ ११ वाजून ४८ मिनिटांवर थांबवून ठेवले होते. मृतांच्या स्मारकाचे अनावरण आणि नवा कायदा, दोन्ही एकाच दिवशी!

माझी भाची तिथे पीएच.डी. करत होती. मी महिनाभर तिच्याकडे राहिलो, तेव्हा या कायद्याची खरी गंमत (गंमत म्हणायचे, दुसरा शब्द सुचत नाही) कळली. सरसकट बंदी घालायची मुभा विद्यापीठाला नाही. नियम तेवढे करता येतात. म्हणून वसतिगृहात बहुतांशी मनाई, खेळांच्या सामन्यांना मनाई, वर्गात मात्र परवानगी. पिस्तूल अंगावर किंवा हाताशी हवे आणि चाप झाकणाऱ्या म्यानात हवे. प्राध्यापकाची स्वतंत्र खोली असेल तर तो ‘इथे पिस्तूल नको’ म्हणू शकतो. पण ते तोंडी सांगायचे आणि भेटीची सोय दुसरीकडे करून द्यायची.

"आणि तुझी खोली?" मी विचारले.

"मामा, माझी कुठली खोली? आम्ही पाचजण एका खोलीत. सामायिक खोलीला ती सवलत नाही."

म्हणजे पेपर तपासायचे, नापास करायचे आणि रुसलेल्या मुलाची समजूत घालायची, हे सगळे काम ज्यांच्या गळ्यात, त्या शिकवणाऱ्या पोरांनाच नकाराचा हक्क नाही. मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. दोन गुणांसाठी डोळ्यांत पाणी आणणारी मुले पाहिली, दार आपटणारीही पाहिली. त्या आपटलेल्या दाराचा अर्थ तिथे वेगळा होतो.

विरोध काही लेच्यापेच्यांनी केला नाही. त्या वेळचे कुलपती विल्यम मॅकरेव्हन हे नौदलाचे निवृत्त अ‍ॅडमिरल; ओसामा बिन लादेनवरच्या मोहिमेचे सूत्रधार. ज्याने आयुष्य शस्त्रांत काढले, तोच विधिमंडळाला हे नको म्हणत होता. स्थापत्य विभागाचे अधिष्ठाता फ्रिट्झ स्टायनर या कारणाने पेनसिल्व्हेनियाला निघून गेले. तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या. भीतीमुळे वर्गातली चर्चा मोकळी राहत नाही, हे त्यांचे म्हणणे. इतर लोक काय करतील याच्या अंदाजावर दावा उभा राहत नाही, असे म्हणून २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना परत पाठवले. खासगी विद्यापीठांना निवडीची मोकळीक होती, तर जवळपास सगळ्यांनी बंदीच पसंत केली. हे मला फार बोलके वाटते.

दुसरी बाजूही ऐकली. भाचीची एक मैत्रीण रात्री प्रयोगशाळेतून एकटी गाडीपर्यंत चालत जाते. तिच्याकडे परवाना आहे. "पोलीस येईपर्यंत मी काय करू?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांना मारले. त्यांत मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनी होती, एक भारतीय प्राध्यापकही. त्या आवारात पिस्तुलाला बंदीच होती, हा दाखला ती मैत्रीण देते.

ज्यांनी वर्गावर्गात चकमकी होतील असे भाकीत केले, त्यांचे भाकीत ऑस्टिनमध्ये खरे ठरले नाही, हे कबूल करायला हवे. पण मे २०१७ मध्ये त्याच आवारात एकाने सुऱ्याने चौघांना भोसकले, एक विद्यार्थी गेला, तेव्हा त्याला पकडले ते पोलिसानेच.

भाची नापासाचे पेपर दाखवायला मुलांना कॉफीच्या दुकानात बोलवायची, चारचौघांत.

"तिथे कुणाकडे पिस्तूल नसते?"

"असेल की, मामा. पण तिथे कॉफी बरी मिळते."