'टँगल' म्हणजे काय? एका लेखातून चालणारी स्क्रिप्ट काढणे

पीएचडीचं तिसरं वर्ष येईपर्यंत बहुतेकांच्या लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा नावांच्या स्क्रिप्ट साचलेल्या असतात. त्यात कोड असतो, पण कारणं नसतात. कारणं कुठेतरी वहीत, ईमेलमध्ये किंवा नुसती डोक्यात. मग गाईड विचारतात, "या नोंदी का वगळल्या?" आणि शोधाशोध सुरू होते.

यावरचा एक उपाय बराच जुना आहे. डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या नावाचा लेख लिहिला. कल्पना अशी, की प्रोग्रॅम हा माणसाला समजावून सांगणारा लेख म्हणून लिहायचा आणि कोड त्यातच ठेवायचा. त्यांच्या 'वेब' या प्रणालीत (इंटरनेटच्या वेबशी हिचा संबंध नाही) दोन अवजारं होती. 'वीव्ह', म्हणजे विणणे, छापण्याजोगा लेख तयार करी. 'टँगल', म्हणजे गुंता करणे, त्याच फाईलमधून पास्कलचा कोड बाहेर काढी. कनूथ यांचं टेक्स याच पद्धतीने लिहिलेलं आहे.

आज हेच काम ईमॅक्समधल्या ऑर्ग मोडमध्ये करता येतं. ऑर्ग मोड २००३ साली कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने सुरू केला. फाईल साध्या मजकुराची असते, त्यामुळे ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडते आणि गिटमध्ये नीट बसते.

समजा, तुमच्याकडे पावसाच्या नोंदींची सीएसव्ही फाईल आहे आणि ज्या दिवशी नोंद नाही तिथे उणे ९९९ लिहिलंय. एका परिच्छेदात तुम्ही लिहिता, की हा पाऊस नव्हे, ही खूण आहे, म्हणून सरासरीआधी काढायची. लगेच खाली ते करणारा पायथॉनचा ब्लॉक. ब्लॉकच्या पहिल्या ओळीत 'टँगल' आणि त्यापुढे फाईलचं नाव लिहायचं. मग कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही आणि टी दाबलं, की त्या नावाचे सगळे ब्लॉक लेखातल्या क्रमाने एका स्क्रिप्टमध्ये जातात. 'टँगल' न लिहिलेले ब्लॉक लेखातच राहतात, म्हणजे चाचपणीचा कोड आपोआप बाहेर. 'शिबँग' दिलं तर फाईल थेट चालवण्याजोगी होते. क्रम बदलायचा असेल तर ब्लॉकला नाव द्यायचं आणि 'नोवेब' चालू करून दुसऱ्या ब्लॉकमध्ये ते नाव दुहेरी कोनी कंसात लिहायचं. टँगल करताना त्या जागी पूर्ण कोड येतो.

आता अडचणी कुठे येतात ते बघू.

पहिली: सेशन. सेशनमध्ये ब्लॉक चालवले की जुने व्हेरिएबल मेमरीत राहतात. व्हेरिएबल तयार करणारा ब्लॉक तुम्ही पुसलात तरी पुढचे ब्लॉक मजेत चालतात. टँगल केलेली स्क्रिप्ट मात्र तिथेच अडते.

दुसरी: पायथॉनचं 'रिटर्न'. सेशनशिवाय ब्लॉकचं मूल्य हवं असेल तर ऑर्ग तो कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळून चालवतो, म्हणून तिथे 'रिटर्न' चालतं. टँगलमध्ये ते फंक्शन नसतं, त्यामुळे तेच 'रिटर्न' सिंटॅक्स एरर देतं. रिझल्ट्सला 'आउटपुट' ठेवा आणि 'प्रिंट' वापरा.

तिसरी: बाहेर आलेल्या स्क्रिप्टमध्ये केलेली दुरुस्ती. क्लस्टरवर घाईत एक ओळ बदलली, इकडे पुन्हा टँगल केलं, की ती ओळ गेली! 'कॉमेंट्स लिंक' आधीच लावलेलं असेल तर 'डीटँगल'ने बदल लेखात परत आणता येतो. तरी साधा नियम बरा: बदल नेहमी लेखातच करायचा.

म्हणून थीसिसचा एखादा आलेख पक्का मानण्याआधी इतकं करा. रिकाम्या फोल्डरमध्ये फक्त डेटा आणि टँगल केलेली स्क्रिप्ट ठेवा, ईमॅक्स बंद करून ती टर्मिनलमधून चालवा. तोच आलेख आला, तर तुमच्यानंतर लॅबमध्ये येणाऱ्या ज्युनिअरलाही तो काढता येईल, आणि उणे ९९९ का वगळलं हे त्याला तुम्हाला फोन न करता कळेल.