टाकीच्या तळाशी यंत्रमानव

घरातले पिण्याच्या पाण्याचे पिंप आपण दर आठ-पंधरा दिवसांनी घासतो. पाणी वरून कितीही नितळ दिसले, तरी तळाला हात लावताच बोटांना बुळबुळीत थर लागतो. पण ज्या प्रचंड टाकीतून हे पाणी आपल्या नळाला येते, तिचा तळ कोण घासतो?

मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये फिरताना पायाखाली मलबार हिलचा जलाशय आहे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. प्रत्येक मोठ्या शहरात असे झाकलेले जलाशय असतात. बंगळूरला त्यांचे महत्त्व अधिक, कारण या शहराला जवळपास मोठी नदी नाही आणि ते समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर वसले आहे. 1894 मध्ये हेसरघट्टा तलावाची योजना झाली, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण आले आणि 1974 मध्ये कावेरी शहरात पोहोचली. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्याने रोज 77 कोटी 50 लाख लिटर पाण्याची भर घातली.

हे पाणी तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध होते आणि सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करीत, तीन ठिकाणी पंपांनी उचलले जाऊन, जवळजवळ पाचशे मीटर चढून येते. मग शहरातल्या जलाशयात, तिथून घराच्या अंगणाखालच्या 'संप'मध्ये आणि शेवटी गच्चीवरच्या टाकीत! म्हणजे नळातून पडण्यापूर्वी ते तीन ठिकाणी विसावते.

शुद्ध पाण्यात गाळ कसा?

पाणी गाळले तरी अतिसूक्ष्म कण उरतात. त्यात लोह व मँगनीजचे अंश आणि नळांचा गंज मिसळतो. पाणी थांबले की हे सारे खाली बसते. या थरात जंतूंना आसरा मिळतो आणि पाण्यातले क्लोरीन तिथेच खर्ची पडते. आपल्या मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. तेच उरले नाही, तर पुढे पाण्याचा राखणदारच नाहीसा होतो.

दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, हे 1993 मध्ये अमेरिकेतील गिडियन या जेमतेम अकराशे वस्तीच्या गावाने अनुभवले. तेथील उंच टाकीत पक्ष्यांची विष्ठा गेल्याचा संशय होता. पाण्याला वास येतो म्हणून नळयोजना जोराने धुऊन काढली, तेव्हा टाकीचा गाळ ढवळला गेला. साल्मोनेला जंतूंनी सहाशेहून अधिक लोक आजारी पडले आणि वृद्धाश्रमातील सात जण दगावले.

माणसाऐवजी यंत्र

रूढ पद्धतीत टाकी रिकामी करतात आणि कामगार आत उतरून खराट्याने तळ घासतात. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि पाच मीटर खोल टाकीत वीस लाख लिटर पाणी मावते. माणशी रोज 135 लिटर धरले, तर ती सुमारे पंधरा हजार लोकांची एका दिवसाची गरज झाली. पाणी आधी वापरून संपवले तरी तळचे सोडून द्यावे लागते आणि टाकी पुन्हा भरेपर्यंत नळ कोरडे राहतात. शिवाय बंदिस्त टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. कामगाराच्या जिवाशी हा खेळच असतो.

यंत्रमानव मात्र भरल्या टाकीतच उतरतो. त्याला आधी क्लोरीनच्या द्रावणाने निर्जंतुक करतात. चाकांवर किंवा पट्ट्यांवर तो तळावरून हळूहळू सरकतो. घाई केली तर गाळ उसळून पाणी गढूळ होईल! फिरते ब्रश थर सुटा करतात आणि शोषक पंप तो लांब नळीने बाहेर ओढतो. चालक बाहेर बसून कॅमेऱ्याचे चित्र पाहत त्याला वळवतो. तळाला भेगा पडल्या असतील तर त्याही दिसतात.

अर्थात हा यंत्रमानव सर्वगुणसंपन्न नाही. खांबांचे कोपरे आणि शिड्यांच्या खाचा त्याला अवघड जातात. भेगा बुजवायच्या तर टाकी रिकामी करावीच लागते. यंत्र महाग असते. आणि एकदा सांडपाण्यात वापरलेले यंत्र पिण्याच्या पाण्यात कधीही उतरवू नये, हे पथ्य कसोशीने पाळावे लागते.

आपल्या घराचे काय?

अंगणातल्या छोट्या संपसाठी यंत्रमानव परवडणारा नाही. तिथे आपणच दक्ष राहायला हवे. वर्षातून दोनदा तरी संप आणि गच्चीवरची टाकी धुवून घ्यावी. झाकण घट्ट बसावे, हवेच्या नळीला बारीक जाळी असावी. सफाईपूर्वी पंपाचा मुख्य स्विच बंद करावा. झाकण बराच वेळ उघडे ठेवून मगच माणूस उतरवावा आणि बाहेर दुसरा माणूस उभा असावा. आतला माणूस बेशुद्ध पडला, तर त्याला वाचवण्यासाठी कोणीही पाठोपाठ उडी घेऊ नये. असे धावलेले दुसरे आणि तिसरेही प्राणाला मुकले आहेत. ताबडतोब अग्निशामक दलाला बोलवावे.

शहराचा जलाशय यंत्राने चकचकीत झाला, तरी शेवटचे पिंप आपल्याच स्वयंपाकघरात असते. ते घासायला यंत्रमानव येणार नाही!