ताटामागचा ऑटिझम

हवामानबदलाविरुद्ध ग्रेटा थनबर्गनं दिलेल्या हाकेला ओ देऊन जगभरातली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. त्याच्या काही वर्षं आधी, अकराव्या वर्षी, तिनं जवळपास खाणंच सोडलं होतं. दोन महिन्यांत तिचं वजन दहा किलोंनी उतरलं. केळ्याचा एक तृतीयांश तुकडा खायला तिला 53 मिनिटं लागली, अशी नोंद तिच्या आईवडिलांनी करून ठेवली होती. तिला ऑटिझम आहे हे कळलं ते या आजारपणानंतर.

असा उलटा क्रम अनेक मुलींच्या वाट्याला येतो. ऑटिझम म्हटलं की न बोलणारा, एकटाच खेळणारा लहान मुलगा डोळ्यांपुढे येतो. मैत्रिणींचं बघून हसायला-बोलायला शिकलेली हुशार मुलगी त्या चित्रात बसत नाही. मग ती जेवेनाशी झाल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोचते.

ऑटिझम आणि अ‍ॅनोरेक्सिया (जेवण टाळण्याचा, सहसा वजन वाढण्याच्या भीतीतून येणारा आजार) यांचं नातं असावं, ही शंका स्वीडनमधले बालमानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी 1983 मध्ये मांडली. पुढे गोथेनबर्गमध्ये किशोरवयात अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या 51 जणांचा अनेक दशकं पाठपुरावा झाला. वेळोवेळी केलेल्या तपासण्यांमध्ये त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश जणांना कधी ना कधी ऑटिझमचं निदान झालं. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतं.

असं का होतं? ब्रिटनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या आणि अ‍ॅनोरेक्सिया भोगलेल्या स्त्रियांना हेच विचारलं गेलं. अनेकींच्या सांगण्यात बारीक दिसण्याची ओढ मुख्य नव्हतीच. कुणाला अन्नाचा वास आणि स्पर्श असह्य होत होता. कुणाला भूक लागल्याची जाणीवच नीट होत नव्हती. शाळेतला गोंगाट, न उमगणारी मैत्री, सतत दुसऱ्यासारखं वागण्याचा ताण या सगळ्यात उपाशी राहिल्यानं भावना बधिर होत. कॅलरी मोजण्याचे नियम ठरलेले असत, आणि त्या ठरलेपणाचाच आधार वाटे.

ऑटिझमसोबत दिसणारा खाण्याचा दुसरा विकार म्हणजे आर्फिड. यात वजनाची भीती नसते. पोत, वास किंवा घास अडकण्याची धास्ती यांमुळे मूल मोजकेच पदार्थ खातं. वरणात कोथिंबीर दिसली किंवा भाताला रस्सा लागला की अख्खं ताट बाजूला सरतं. फळं-भाज्या पूर्ण बंद झाल्यानं ऑटिझम असलेली काही मुलं लंगडू लागली, आणि बऱ्याच तपासण्यांनंतर कारण निघालं ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ‘भूक लागली की खाईल गुमान’ हा घरोघरी मिळणारा सल्ला अशा मुलाच्या बाबतीत धोक्याचा आहे.

उपचारही मग बदलावे लागतात. वजनाची भीती घालवण्याचं समुपदेशन, जिला ती भीतीच नाही तिच्या काय कामाचं? लंडनच्या मॉडस्ली आरोग्यसेवेतल्या केट चांटुरिया यांच्या गटानं ‘पीस’ नावाची पद्धत उभी केली. वॉर्डातले रंग सौम्य केले, साध्या, उग्र चव नसलेल्या पदार्थांचा वेगळा मेनू ठेवला. आपल्याला काय सोसत नाही, आपल्याशी कसं बोललेलं बरं, हे रुग्ण लिहून देतो आणि कर्मचारी त्याप्रमाणे वागतात. एवढ्या साध्या गोष्टी सगळीकडे व्हायला हव्यात.

निदान करताना मात्र एक गुंता आहे. उपासमारीनंही माणूस हेकट, एकलकोंडा आणि खाण्याच्या रीतींत अडकलेला होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा इथं अर्धपोटी ठेवलेल्या 36 निरोगी तरुणांमध्ये असे बदल दिसले होते. म्हणून तज्ज्ञ आईवडिलांना खूप मागचं विचारतात: बालवाडीत मुलगी इतर मुलांशी कशी खेळायची, कपड्यांचं लेबल टोचतं म्हणून रडायची का, शाळेची रोजची वाट बदलली तर काय व्हायचं, आणि हे सगळं जेवण सुटण्याच्या किती आधीपासून होतं.