पाणी गेले कुठे?

घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली मोटार तुम्ही पाहिली असेलच. २०१८ च्या मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात अशीच एक मोटार उभी होती, ती आमची. वीस वर्षे वापरलेली जुनी गाडी. तापमान दाखविणारा काटा तांबड्या पट्ट्यात शिरला, तशी मी ती कडेला घेतली. मी इंजिन बंद करीपर्यंत दहावीतला माझा भाचा फडके घेऊन उतरलाही होता आणि रेडिएटरच्या झाकणावर त्याचा हात पडला होता. मी ओरडलो आणि त्याचा हात मागे ओढला.

का ओढला, ते आधी पाहू. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरचेच भावंड. त्यात एक स्प्रिंग असते. आमच्या झाकणावर ०.९ हा आकडा आहे. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार अधिक दाब होईपर्यंत ते पाणी आत कोंडून धरते. इतक्या दाबाखाली पाणी सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उकळते. समजा, आत ५ लिटर पाणी ११० अंशांवर आहे. ते उकळत नाही, अगदी शांत असते. झाकण काढले की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याला १०० अंशांवर यावे लागते. जादा १० अंशांची उष्णता जाणार कुठे? पाण्याच्याच काही भागाची वाफ करण्यात. वही घ्या आणि गणित करा. ५००० ग्रॅम गुणिले ४.२ गुणिले १० म्हणजे २,१०,००० ज्यूल. एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० ज्यूल लागतात; तेव्हा ९० ग्रॅमहून थोडी अधिक वाफ झाली. आकडा लहान वाटतो ना? पण या वाफेचे आकारमान दीडशे लिटरांवर जाते, आणि ती एका क्षणात, उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन, तोंडावर येते. आम्ही पाऊण तास सावलीत बसून राहिलो. भाच्याला ते मुळीच आवडले नाही.

आता इंजिनाला एवढे पाणी लागते तरी कशाला? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असे धरा. तासाला ५ लिटर पेट्रोल जळते आणि लिटरमागे सुमारे ३.२ कोटी ज्यूल उष्णता मिळते. यातील ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाके फिरविण्यासाठी कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली एक तृतीयांश पाण्याला वाहून न्यावी लागते. हे प्रमाण सेकंदाला सुमारे १५,००० ज्यूल पडते. १५ किलोवॅट! एक किलोवॅटचे पंधरा हीटर एका बादलीत सोडल्यासारखेच हे आहे. ही उष्णता हवेत गेली नाही तर ५ लिटर पाणी दोन मिनिटांच्या आतच उकळू लागेल. (इंजिनाचा धातूही तापतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो.) ती हवेत सोडण्यासाठी मोठे पृष्ठफळ हवे. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर मोटारीस बसविला तो याचसाठी.

पाणी कमी झाले की हे सारे कोलमडते. आमच्या गाडीत दर १०० किलोमीटरला अर्धा लिटर पाणी घालावे लागत होते, आणि गंमत अशी की गाडीखाली एक थेंबही दिसत नव्हता. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. सकाळी ते कोरडे ठणठणीत. एका मेकॅनिकने निदान केले, "इंजिन पाणी पितंय. हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प बसलो. शेजारच्या ट्रकचालकाने रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा सल्ला दिला. ही युक्ती खोटी नव्हे. बारीक भोकात हळद अडकते आणि गळती काही काळ थांबते. पण भोक कोणते आणि नळी कोणती हे हळदीला कळत नाही!

गॅस्केट फुटले असेल तर त्याची साक्ष मिळायला हवी. पाणी तेलात मिसळले तर तेल दुधाळ होते. आमचे स्वच्छ होते. पाणी सिलिंडरमध्ये जळत असेल तर इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहते, ती नव्हती. सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असेल तर, थंड इंजिनाचे झाकण उघडे ठेवून ते सुरू करताच, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तेही नव्हते. म्हणजे पाणी बाहेरच जात होते.

मग थेंब का दिसत नव्हता? हा प्रश्न भाच्याने विचारला आणि उत्तरही त्यानेच काढले. १०० किलोमीटर म्हणजे सुमारे दोन तास. दोन तासांत ५०० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ४ मिलिलिटर, ऐंशीएक थेंब. तेवढ्या पाण्याची वाफ करण्यास मिनिटाला सुमारे १०,००० ज्यूल लागतात. सेकंदाला १७० ज्यूलसुद्धा नाहीत. पाण्यात येणाऱ्या १५ किलोवॅटच्या तुलनेत हा जेमतेम एक टक्का! तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हता. रात्री इंजिन निवले की आतला दाब उतरतो आणि गळतीही थांबते. वर्तमानपत्र कोरडे राहणारच.

तेव्हा उपाय एकच: इंजिन थंड ठेवून दाब द्यायचा. गॅरेजमध्ये यासाठी एक हातपंप असतो. झाकणाच्या जागी तो बसवितात आणि त्यावरील काटा दाब दाखवितो. आम्ही दाब ०.९ पर्यंत नेला. दहा मिनिटांत काटा ०.७ वर आला. रबरी नळ्या कोरड्या, रेडिएटर कोरडा. शेवटी मिस्त्रींनी लहान आरसा पाण्याच्या पंपाखाली धरला. तेथे एका बारीक छिद्राच्या ओठाशी एक थेंब लोंबत होता. त्याखाली हिरवट-पांढरा ओघळ वाळून बसला होता. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. तुमच्या घरच्या बंबातही हेच घडते.

हे छिद्र फुटके नव्हते. कारखान्यातच मुद्दाम पाडलेले होते. पंपाचा दांडा फिरता, तेव्हा पाणी अडविण्यासाठी त्यावर सील असते. सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये शिरून ते खराब करील, म्हणून मधेच त्याला बाहेरची वाट करून दिलेली असते. ही वाट बुजवू नये. आम्ही पट्टा काढून पंप बदलला, जुन्या गॅस्केटचा कागद खरवडून नवा लावला. मग ऊर्ध्वपातित पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मे निम्मे भरले. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले लगेच धुवून टाकले, कारण गल्लीत कुत्री फार. इंजिन झाकणाविना सुरू ठेवले. ८२ अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला, वरची नळी गरम झाली, अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली आणि पातळी खाली गेली. तेवढे पुन्हा भरले.

इंजिन निवल्यावर पंपाने दाब दिला. पंधरा मिनिटे काटा ०.९ वरून हलला नाही. पुढच्या रविवारी आम्ही तोच घाट चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, भाच्याने झाकण उघडले. पाणी काठोकाठ होते.