जुन्या सुट्या भागांची नवी रायफल

फिनलंडच्या सैन्यानें वापरलेली 'एम-३९' जातीची एकादी रायफल हातीं घेतली, तर तिच्या नळीवर १९४२ हें साल कोरलेलें आढळतें. परंतु तीच रायफल लाकडी दस्त्यांतून बाहेर काढून उलटी केली, कीं पोलादी गाभ्याच्या शेपटीखालीं दुसरेंच साल दिसतें. तें कधीं १८९६ असतें, तर कधीं १९१५. एकाच हत्याराचीं दोन जन्मसालें, आणि दोन्ही खरीं! हा प्रकार कसा घडला हें पाहूं गेल्यास एका लहान राष्ट्रानें आपल्या संरक्षणाचा प्रश्न कसा सोडविला, तें कळून येतें.

या गाभ्याचें मूळ रशियांत आहे. सर्गेई मोसिन या अधिकाऱ्यानें आंखलेली रायफल झारच्या सरकारनें १८९१ सालीं स्वीकारली. तींत बेल्जियमच्या नागां या कारागिराच्याही कल्पनांचा अंश असल्यामुळें ती पुढें मोसिन-नागां या जोडनांवानें ओळखली गेली. तिच्या नळीचा व्यास रशियन मापानें तीन रेषा, म्हणजे ७·६२ मिलिमीटर. एक रेषा म्हणजे इंचाचा दहावा भाग. तुला, इझेव्स्क व सेस्त्रोरेत्स्क येथील कारखान्यांत, फ्रान्समध्यें शातेलरो येथें, आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकेंतही ती लाखोंनीं तयार झाली.

त्या वेळीं फिनलंड रशियन साम्राज्याचा एक भाग होता. ६ डिसेंबर १९१७ रोजीं त्यानें स्वातंत्र्य जाहीर केलें. १९१८ च्या यादवी युद्धांत रशियन छावण्यांतील रायफली मोठ्या संख्येनें त्याच्या हातीं आल्या. महायुद्धांत इतर राष्ट्रांनीं रशियाकडून जिंकलेल्या अशाच रायफली त्यानें पुढें विकतही घेतल्या. परंतु यांपैकीं अनेकींच्या नळ्या झिजलेल्या व गंजलेल्या होत्या. नव्या जातीची रायफल घ्यावी, तर पैसा नाहीं. जुनी तशीच वापरावी, तर नेम लागत नाहीं, अशी ती कोंडी होती.

या कोंडींतून निघालेला मार्ग समजण्यासाठीं रायफलीचे भाग कसकसे म्हातारे होतात तें पाहिलें पाहिजे. नळीच्या आंत मळसूत्री खांचा असतात. त्यांच्यामुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत सरळ जाते. दर बाराबरोबर तप्त वायू या खांचा झिजवितात, आणि जुन्या काडतुसांच्या टोपींतील दारूंतून मागें राहणारे क्षार हवेंतील ओल ओढून घेऊन त्यांस गंजवितात. लाकूड फुगतें, वांकतें, तडकतें. परंतु ज्या गाभ्यांत नळी आट्यांनीं बसविलेली असते व ज्यांत बोल्ट मागेंपुढें सरकतो, तो गाभा, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत रिसीव्हर, नीट वापरल्यास पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शिवाय तो घडविण्याचें काम सर्वांत किचकट व खर्चाचें. म्हणून फिनलंडनें मोसिनचा गाभा स्वतः घडविण्याच्या भरीस न पडतां रशियन गाभेच घेतले, आणि झिजणारे भाग तेवढे नवे केले. १९२४ पासून स्वित्झर्लंड व जर्मनी येथून नव्या नळ्या आणविल्या. पुढें साको, तिक्काकोस्की व सरकारी रायफल कारखाना येथें त्या देशांतच होऊं लागल्या.

एकाच नमुन्याचे भाग एकमेकांस आपोआप बसतात, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मोसिनच्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली कडा असते. ही कडा नळीच्या मागील तोंडाशीं अडते, आणि तिच्या पाठीमागें बोल्टाचें डोकें येऊन टेकतें. या दोहोंमधील अंतर मिलिमीटरच्या बारीक अंशापर्यंत नेमकें असावें लागतें. तें कमी पडलें, तर बोल्ट बंदच होत नाहीं. जास्त झालें, तर बार उडतांना पितळी काडतूस मागें ताणलें जाऊन फाटतें, आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्याच चेहऱ्यावर येतात. एका कारखान्याचा गाभा, दुसऱ्याचा बोल्ट व तिसऱ्याची नळी एकत्र आली, म्हणजे हा धोका विशेष. म्हणून जोडणीनंतर पोलादी मापें घालून प्रत्येक रायफल तपासावी लागते. सुदैवानें मोसिनच्या बोल्टाचें डोकें हा सुटा भाग आहे. एक जमलें नाहीं, तर दुसरें लावून पाहतां येतें. जुन्याची जोडणी ही काटकसर खरी, परंतु या तपासणींत काटकसर चालत नाहीं.

अशा रायफलीची ओळख पटविणें म्हणजे तिच्या अंगावरील शिक्के क्रमानें वाचणें होय. हातोडीची खूण तुला येथील, धनुष्यबाणाची इझेव्स्कची. 'एझेडएफ' हीं अक्षरें असल्यास ती मध्यंतरीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हातीं पडली होती असें समजावें. चौकटींतील 'एसए' हीं अक्षरें फिनलंडच्या सैन्याच्या मालकीचीं. 'डी' हें अक्षर नळी जड फिनिश गोळीस योग्य केल्याचें दर्शवितें. जुन्या रशियन रायफलींवर नेमाचें अंतर आर्शिन या मापांत दिलेलें असे. आर्शिन सुमारें ७१ सेंटिमीटरांचा. फिनिश कारागिरांनीं ते आंकडे बदलून मीटर घातले. दस्ताही बोलका असतो. फिनिश दस्ता बहुधा दोन तुकड्यांचा. दोन हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं तसा त्याचा सांधा असतो. अशा सांध्यामुळें ओलीनें लाकूड वांकून नळीवर दाब येण्याचा संभव कमी होतो.

३० नोव्हेंबर १९३९ रोजीं सोव्हिएट फौजा फिनलंडवर चालून आल्या, तेव्हां त्यांच्या व फिनिश शिपायांच्या हातांतील रायफली एकाच कुळांतल्या होत्या. कोल्ला येथील आघाडीवर कीर्ति मिळविलेला सिमो हायहा 'एम-२८-३०' ही नागरी संरक्षक दलाची रायफल दुर्बिणीवांचून वापरीत असे. तिचाही गाभा रशियन वंशाचाच. सैन्य व संरक्षक दल या दोहोंसाठीं ठरविलेली 'एम-३९' मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागली ती १९४१ पासून. शत्रूकडून मिळालेलीं काडतुसेंही चालावींत म्हणून तिची नळी किंचित्‌ रुंद ठेविली होती. अशा रायफली सुमारें १ लाख झाल्या.

येथेंच या गाभ्यांचें आयुष्य संपलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत फिनलंडच्या सैन्यास दूरवरचा नेम साधणारी नवी रायफल हवी झाली, तेव्हां कोठारांतील मोसिनचे गाभे पुन्हां बाहेर काढण्यांत आले. त्यांवर नव्या जाड नळ्या चढवून 'टीकेआयव्ही-८५' ही रायफल सिद्ध झाली. त्यांतील कांहीं गाभ्यांच्या शेपटीखालीं एकोणिसाव्या शतकाचें साल आहे. ज्या झारच्या शिपायांसाठीं ते घडविले गेले, त्याचें साम्राज्य १९१७ सालींच लयास गेलें होतें.